अंतर तेवढेच

कराची म्हटली की आता परदेश आठवतो. पण १९३२ साली कराचीचा द्रिघ रोड विमानतळ आणि मुंबईचा जुहू हे दोन्ही एकाच देशात, किंबहुना एकाच मुंबई इलाख्यात होते; सिंध प्रांत वेगळा झाला तो १९३६ साली.

विलायतेहून विमानाने येणारे टपाल कराचीस उतरे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते घेऊन जे. आर. डी. टाटा आपल्या चिमुकल्या ‘पस मॉथ’ विमानातून एकटेच निघाले. वाटेत अहमदाबादेस उतरले, तेव्हा पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! तरीही दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटरांची वाट. लागले सात-सव्वासात तास.

पुढे १९४७ साली फाळणी झाली. १९८२ साली, ७८ वर्षांचे झालेले टाटा त्याच वाटेने पुन्हा एकटे उडाले. या खेपेस मात्र मध्ये सरहद्द होती. २०२५ च्या एप्रिलात तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशच बंद केले.

नकाशावरचे अंतर तसूभरही वाढलेले नव्हते. बैलगाडीच्या पेट्रोलवर सात तासांत तुटलेली वाट जेट विमानालाही तुटेना, एवढेच!