बांद्रा–कुर्ला संकुल ते शिळफाटा बोगदा

मुंबई–अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गावरील सुमारे २१ किमी. लांबीचा भुयारी भाग. हा मार्ग बोलण्यात ‘बुलेट ट्रेन’ म्हणूनच ओळखला जातो. मुंबईतील बांद्रा–कुर्ला संकुलातील भुयारी स्थानकापासून निघून बोगदा विक्रोळी, ठाणे खाडी, घणसोली असा जातो आणि ठाणे जिल्ह्यातील शिळफाट्याजवळ जमिनीवर येतो. त्यातील सुमारे ७ किमी. भाग खाडीच्या तळाखालून आहे. खाडीच्या तळाखालून रेल्वे नेणारा हा भारतातील पहिलाच बोगदा. संपूर्ण मार्ग ५०८ किमी. लांबीचा असून त्यातील १५६ किमी. महाराष्ट्रात येतो. बहुतेक मार्ग खांबांवर उचललेला आहे. मुंबईच्या टोकाला मात्र खांब रोवायला जागाच उरलेली नाही, म्हणून गाडी जमिनीखाली न्यावी लागली.

मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमती येथे भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी व जपानचे पंतप्रधान शिंजो आबे यांच्या हस्ते झाली. काम राष्ट्रीय द्रुतगती रेल्वे महामंडळाकडे असून तंत्र जपानच्या शिंकान्सेन या द्रुतगती रेल्वेचे आहे. बोगद्याला सुरुवातीला लागलेला उशीर खडकाचा नसून कागदाचा. विक्रोळीतील गोदरेज कंपनीच्या जमिनीचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली. मार्गाच्या आड येणारी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडे तोडण्यास त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली होती. बोगद्याचे कंत्राट अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर या कंपनीला मिळाले व २०२३ च्या जुलैत करारावर सह्या झाल्या. म्हणजे पायाभरणी आणि बोगद्याचा करार यांत जवळजवळ सहा वर्षांचे अंतर पडले.

रचना : जाण्याचा आणि येण्याचा असे दोन्ही रूळ एकाच नळीत आहेत. मेट्रोसाठी साधारणतः सहा-साडेसहा मीटर व्यासाच्या दोन वेगळ्या नळ्या खोदतात. येथे एकाच नळीसाठी बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या कर्तनचक्राचा व्यास १३.६ मी. ठरवण्यात आला. भरधाव गाडी बोगद्यात शिरली की पुढची हवा दाबली जाते आणि तो दाब प्रवाशांच्या कानांना व डब्यांच्या सांध्यांना जाणवतो. पोकळी मोठी असली की तो कमी होतो. शिंकान्सेन गाड्यांची लांब निमुळती नाकेही याच कारणासाठी असतात. बोगदा बहुतेक ठिकाणी जमिनीखाली २५ ते ५७ मी. खोल आहे. सर्वांत खोल भाग शिळफाट्याजवळ पारसिकच्या डोंगराखाली सुमारे ११४ मीटरांवर येतो. याच डोंगररांगेत कळवा व मुंब्रा यांच्या दरम्यान १९१६ मध्ये सुरू झालेला रेल्वेचा पारसिक बोगदा आहे. त्याची लांबी १.३ किमी. आहे. डोंगर तोच, पण तेव्हाच्या आणि आताच्या खोदाईच्या रीतीत शंभर वर्षांचा फरक आहे.

खाली उतरण्यासाठी बांद्रा–कुर्ला संकुल, विक्रोळी आणि घणसोलीजवळचे सावळी येथे उभे शाफ्ट खणले आहेत. त्यांची खोली अनुक्रमे सुमारे ३६, ५६ व ३९ मी. आहे. यांशिवाय घणसोली येथे डोंगराच्या कुशीतून आत जाणारा ३९४ मी. लांबीचा उतरता प्रवेश-बोगदा केला. खोदाई चालू असताना त्यातून माणसे, यंत्रे व मलबा यांची ये-जा होते आणि पुढे संकटकाळी सुटकेची वाट म्हणूनही तो उपयोगी पडेल.

खोदाईच्या दोन पद्धती : या बोगद्याच्या प्रगतीची बातमी वाचताना एक गोष्ट आधी पाहावी : ती कोणत्या भागाची आहे? एकूण २१ किमी.पैकी सुमारे १६ किमी. भाग बोगदायंत्राने कापायचा आहे आणि शिळफाट्याकडचा सुमारे ५ किमी. भाग सुरुंगाने खोदायचा होता. २०२५ मध्ये ‘समुद्राखालचा बोगदा पार’ अशा मथळ्यांनी जे छापले गेले, ते या दुसऱ्या, जमिनीखालच्या भागाबद्दल होते. सरकारी पत्रकांतही दोन्ही भागांची सरमिसळ होत आली आहे.

सुरुंगाच्या पद्धतीला ‘नवी ऑस्ट्रियन पद्धत’ म्हणतात. नाव नवे असले तरी तिचे मूळ विसाव्या शतकाच्या मध्यावरचे आहे. कातळाच्या तोंडावर ठरावीक आखणीने भोके पाडतात, त्यांत स्फोटके भरतात आणि मिलिसेकंदांच्या फरकाने ती उडवतात. धूर काढून टाकला की छताला लटकलेले सैल दगड पहारीने किंवा यंत्राने पाडतात, मलबा उपसतात व लगेच उघड्या कातळावर फवाऱ्याने काँक्रीट मारतात. जिथे खडक ढिला असेल तिथे लोखंडी बोल्ट ठोकतात आणि कमानीचे गर्डर उभे करतात. खडक स्वतःचाच भार बराचसा पेलतो, त्याला लागेल तेवढाच टेकू द्यायचा, हे या पद्धतीचे सूत्र. म्हणून दर फेरीनंतर खडक किती सरकला हे मोजणारी उपकरणे तिच्यात काँक्रीटइतकीच महत्त्वाची ठरतात.

घणसोलीच्या प्रवेश-बोगद्याचे आकडे या कामाची चाल नेमकी दाखवतात. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले हे ३९४ मीटर सुमारे सहा महिन्यांत पुरे झाले. त्यासाठी २१४ नियंत्रित स्फोट झाले व २७,५१५ किग्रॅ. स्फोटके लागली. भागाकार केला तर एका स्फोटामागे सुमारे १२९ किग्रॅ. स्फोटके आणि १.८ मी. वाटचाल, एवढा हिशेब येतो. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात विहीर खणणाऱ्याला हे गणित परके वाटू नये. तिथेही वरचा मुरूम कुदळीने निघतो आणि खाली काळा पाषाण लागला की भोके पाडून सुरुंग लावावा लागतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी आणि पारसिकचा डोंगर हे दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचेच आहेत. मात्र मुंबईच्या बाजूला लाव्ह्याच्या थरांमध्ये राखेपासून बनलेले ठिसूळ खडकही येतात. सरसकट काळ्या पाषाणापेक्षा असा मिश्र खडक खोदणाऱ्याला अधिक सतावतो, कारण एकाच तोंडावर अर्धे छत टणक आणि अर्धे भुसभुशीत लागते.

प्रवेश-बोगदा तयार होताच २०२४ च्या मे महिन्यापासून मुख्य बोगद्याची खोदाई तीन तोंडांवरून चालू झाली : घणसोलीतून दोन दिशांना आणि शिळफाट्याकडून समोरून. ९ जुलै २०२५ रोजी घणसोली–शिळफाटा बाजूचा २.७ किमी. भाग सलग जुळला. २० सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्या उपस्थितीत शेवटचा स्फोट होऊन ४.८८ किमी.चा संपूर्ण सुरुंगी भाग पार झाला. सोळा-सतरा महिन्यांत तिन्ही तोंडे मिळून दरमहा सरासरी तीनशे मीटरांच्या आसपास वेग पडला. वस्तीखाली स्फोट जपून करावे लागतात हे लक्षात घेता ही गती चांगलीच म्हणावी लागेल. पण आरपार झाला म्हणजे बोगदा तयार झाला, असे नव्हे. त्यानंतर पाणीरोधक थर, काँक्रीटचे कायम अस्तर, सांडपाण्याची वाट, रूळ, विजेच्या तारा व वायुवीजन ही कामे राहतातच.

यंत्राचा भाग : उरलेले १६ किमी. हीच या बोगद्याची खरी कसोटी. २०२५ अखेरपर्यंत या भागात यंत्राने खोदाई सुरू केलेली नव्हती. बोगदायंत्र म्हणजे जमिनीखाली सरकणारा कारखानाच. पुढचे चक्र खडक झिजवते, मागचे जॅक यंत्राला रेटतात आणि त्याच्या कवचाच्या आडोशाला माणसे काँक्रीटचे कडे बसवतात. खाडीखाली वरून पाण्याचा दाब असल्याने चक्रापुढच्या कप्प्यात चिखलाचे दाबलेले द्रव भरून तो दाब तोलावा लागतो. खणलेला खडकही त्याच द्रवाबरोबर नळांतून वर येतो. व्यास १३.६ मी. धरला तर दर मीटरमागे सुमारे १४५ घनमी. घट्ट खडक बाहेर पडेल आणि फुटल्यावर तो आणखी फुगेल. इतका मलबा मुंबई-नवी मुंबईच्या रस्त्यांवरून रोज वाहून नेणे हे काम खोदाईइतकेच नेटाचे आहे.

कड्यांचे काम मात्र वेळेत उभे राहिले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे येथे त्यासाठी स्वतंत्र कारखाना आहे. एक कडे २ मी. रुंद व अर्धा मीटर जाड असते. नऊ वक्र तुकडे आणि शेवटी पाचरीसारखा बसणारा दहावा, असे ते जुळवतात. पूर्ण भागासाठी सुमारे ७,७०० कडी, म्हणजे जवळजवळ ७७ हजार तुकडे लागणार आहेत.

अडले ते यंत्रांपाशी. ती हेरेनक्नेश्ट या जर्मन कंपनीची, पण बांधणी चीनमधली. जर्मन कंपनीची चीनमध्ये बनलेली बोगदायंत्रे चीन भारतात येऊ देत नाही, अशी तक्रार वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोच्या डब्यात जर्मनीचे उपचान्सेलर रोबेर्ट हाबेक यांच्यापाशी केली. त्या संभाषणाची चित्रफीत बरीच फिरली. या बोगद्याची यंत्रेही ठरल्यापेक्षा उशिरा निघाल्याच्या बातम्या २०२५ मध्ये येत राहिल्या. कर्ज जपानचे, यंत्र जर्मन, कारखाना चिनी आणि कंत्राटदार भारतीय अशी ही साखळी आहे. तिची सर्वांत कच्ची कडी खडकात नसून बंदरात निघाली.

खाडी आणि पर्यावरण : मुंबईच्या टोकाला बोगदा जागेअभावी आहे, पण तो खाडीखालून न्यायचे मुख्य कारण पाखरांचे आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये तो पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पूल बांधला असता तर खारफुटी व चिखलपट्टा दोन्ही तुटले असते. तरीही मार्गाच्या इतर भागांत खारफुटी तुटलीच, हे नोंदवले पाहिजे.

मराठवाड्याशी संबंध : द्रुतगती रेल्वेच्या चर्चेत ‘अंबड’ हे नाव आले की ते कोणते, हे आधी विचारावे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचे अंबड वेगळे. येथे अभिप्रेत आहे ते जालना जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. मुंबई–अहमदाबाद मार्ग मराठवाड्यापासून दूर आहे. मात्र मुंबई–नाशिक–नागपूर या सुमारे ७४० किमी.च्या प्रस्तावित द्रुतगती मार्गावर जालना हे स्थानक दाखवले गेले आहे. २०२१ मध्ये त्या मार्गाचे हवाई सर्वेक्षण झाले. तो मार्ग बराचसा समृद्धी महामार्गाच्या कडेने आखलेला असला, तरी सह्याद्री ओलांडताना त्यालाही बोगद्यांशिवाय गत्यंतर नाही. समृद्धीवर इगतपुरी–कसारा दरम्यान पावणेआठ किमी.चा जोडबोगदा अ‍ॅफकॉन्सनेच खोदला आणि तो ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे घाटातल्या खडकाची ओळख आता पुरेशी झाली आहे.

पुढचे चित्र मात्र तितके आशादायक नाही. फेब्रुवारी २०२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशातील सात द्रुतगती मार्गांची घोषणा झाली. तीत मुंबई–पुणे व पुणे–हैदराबाद हे मार्ग आहेत, मुंबई–नागपूर नाही. जालना जिल्ह्याच्या पदरात ठोस पडलेला एकच नवा मार्ग म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेला १७४ किमी.चा जालना–जळगाव मार्ग. तो साध्या गतीचा असून जालन्याहून उत्तरेला भोकरदन, सिल्लोड, अजिंठा असा जातो. अंबड जालन्याच्या दक्षिणेस आहे. तालुक्यात रेल्वेमार्ग नाही आणि गाडी पकडायला अंबडकरांना आजही जालना स्थानकच गाठावे लागते.