सुझानाचं फूल

पावसाळ्यात सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर एक जमिनीवरची आमरी फुलते. मोठी, पांढरीशुभ्र, सुगंधी फुलं. कडा कंगव्यासारख्या कातरलेल्या आणि मागे शेपटीसारखी लांब मधुनळी. 'पेक्टेलिस जायगँटिया' हे तिचं नाव मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. एकेकाळी ती 'सुझानी' या नावाखालीही नोंदली जात असे. ही सुझाना कोण, हे मला लायडनला आल्यावर कळलं.

जॉर्ज रम्फियस जन्माने जर्मन, नोकरीने डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर त्याने तिथल्या वनस्पती नोंदवण्यात आयुष्य घालवलं. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १७ फेब्रुवारी १६७४ च्या भूकंपात पत्नी गेली. पुढे, १६८७ च्या आगीत चित्रं जळाली. १६९२ मध्ये हस्तलिखित घेऊन निघालेलं जहाज बुडालं. आधी करून ठेवलेल्या नकलेमुळे ग्रंथ वाचला. रम्फियस १७०२ मध्ये वारला आणि ग्रंथ छापला गेला तो १७४१ ते १७५० दरम्यान, ॲमस्टरडॅमला.

त्यात अशाच एका पांढऱ्या आमरीला त्याने 'सुझानाचं फूल' म्हटलं आहे. ते त्याला प्रथम दाखवलं होतं पत्नीने. त्या नोंदीवरून लिनियसने १७५३ मध्ये 'ऑर्किस सुझानी' हे नाव दिलं. पुढच्या शास्त्रज्ञांनी तिला हॅबेनेरियात नेलं, प्लॅटँथेरात नेलं, शेवटी पेक्टेलिसमध्ये. आपली जायगँटिया आज तिची वेगळी, पण जवळची जाती मानतात.

आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनावच नव्हे, नावही बदलत. वनस्पतिशास्त्राचा नियम उलट आहे: प्रजाती, म्हणजे आडनाव, बदललं तरी जातीचं सर्वांत जुनं नाव सोबत जातं. म्हणून चार घरं फिरूनही सुझाना सुझानाच राहिली.

हे वाचलं तेव्हा मी माझा प्रबंध काढून बघितला. त्यातल्या कितीतरी रानभाज्या मला पहिल्यांदा आजीने दाखवल्या होत्या. बांधावर, चपला हातात घेऊन. आभाराच्या दोन पानांत मार्गदर्शक आहेत, शिष्यवृत्ती आहे, प्रयोगशाळेतले मित्र आहेत. आजी नाही.

रम्फियसला दिसत नव्हतं, तरी त्याने दाखवणारीचं नाव लिहून ठेवलं.