खासगी : एका शब्दाचा इंदुरी इतिहास

इंग्रजीतील ‘प्रायव्हेट’ हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचे मराठी काय, असे विचारताच कोणीही ‘खासगी’ असे उत्तर देईल. परंतु इंदूरच्या होळकरशाहीत ‘खासगी’ला जो अर्थ होता, तो ‘प्रायव्हेट’मध्ये मावत नाही, असे आम्हांस वाटते.

‘प्रायव्हेट’चे मूळ लॅटिन भाषेत आहे. ज्याच्याकडे राज्याचे अधिकारपद नाही, असा माणूस, हा त्याचा जुना अर्थ. म्हणूनच इंग्रजी फौजेतील साधा शिपाई ‘प्रायव्हेट’ होय, आणि मंत्री नसलेल्या सभासदाने मांडलेले विधेयकही ‘प्रायव्हेट’च. पुढे एकांतातील, गुप्त, घरगुती, बिनसरकारी असे अर्थ त्याला चिकटत गेले. ‘खास’ हा शब्द मात्र अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. निवडक, विशेष, प्रत्यक्ष धन्याचे, असा त्याचा अर्थ. दिवाण-इ-आम सर्वांसाठी, दिवाण-इ-खास मोजक्यांसाठी. खाशांची स्वारी म्हणजे प्रत्यक्ष सरदाराची स्वारी. एक शब्द अधिकार नसलेल्याचा, तर दुसरा अधिकार असलेल्याचा!

होळकरांच्या कारभारात दोन हिशेब वेगळे असत : दौलत आणि खासगी. दौलत राज्याची, खासगी राणीची. इ. स. १७३४ मध्ये पेशवे पहिले बाजीराव यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र जहागीर दिली, तेथून ह्या खासगीचा आरंभ. गौतमाबाईंच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. इ. स. १७६७ ते १७९५ ह्या आपल्या राज्यकालात त्यांनी देशभर देवालये, घाट, धर्मशाळा व अन्नछत्रे उभारली, ती ह्याच खासगीच्या उत्पन्नातून. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी इ. स. १७८० च्या सुमारास पुन्हा बांधले. खासगीच्या खजिन्यावर अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. तुळशीपत्र ठेवणे म्हणजे आपला हक्क सोडणे, हे वाचकांस सांगावयास नको.

संस्थाने गेल्यावर हा शब्द कायद्याच्या दारी आला. इ. स. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. खासगीचे उत्पन्न सरकारजमा होऊन त्याऐवजी धर्मादायासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये देण्याचे ठरले. इ. स. १९६२ मध्ये खासगी ट्रस्ट स्थापन झाला. दूरदूरच्या तीर्थक्षेत्री विखुरलेल्या २४६ मिळकतींचा प्रश्न त्याच्याशी निगडित होता. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद उपस्थित झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २१ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, हा ट्रस्ट सार्वजनिक असून त्यास सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे. नाव खासगी, पण संस्था सार्वजनिक!

हा विरोधाभास आम्हांस तरी केवळ वरवरचा वाटतो. ‘प्रायव्हेट’ म्हणजे दुसऱ्याने हात लावू नये असे. अहिल्याबाईंची खासगी म्हणजे राज्याच्या तिजोरीस हात न लावता स्वतःचे म्हणून देता येईल असे. घाटावर स्नान करणाऱ्यास ती पायरी कोणाच्या खात्यातून बांधली, हे ठाऊक नसते. पण ज्यांच्या हाती आज देवस्थानांच्या वह्या आहेत, त्यांनी तरी ह्या शब्दाचा इंदुरी अर्थ विसरू नये.