शिवडीच्या मोटारी, लालबागचे लेथ

आपल्या तुकडीतले कुणी बँकेत गेले, कुणी डॉक्टर झाले, कुणी परदेशी स्थायिक झाले. मी लालबागला वडिलांच्या लेथवर राहिलो आणि जुन्या मोटारींचे सुटे भाग बनवत आलो. स्मरणिकेसाठी लिहायचे ठरले तेव्हा या धंद्याचा इतिहास सांगावासा वाटला, कारण तो आपल्याच परिसराचा इतिहास आहे.

जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला मोटारींची जोडणी सुरू केली. बाहेरून आलेले भाग जोडून तिथे शेव्हरोले उभी राही. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला. पुढे १९५३ साली सरकारने धोरण ठरवले की मोटारी इथेच बनवायची तयारी असेल तर राहा, नुसती जोडणी चालणार नाही. १९५४ साली जनरल मोटर्सने शिवडीचे काम बंद केले. आयातीवर कडक बंधने होती. गाड्या मात्र रस्त्यावरच होत्या. त्यांचे भाग आणायचे कुठून?

उत्तर गिरणगावात होते. गिरण्यांची जुनी यंत्रे विलायती. तुटलेले दातेरी चाक बोटीने येईपर्यंत साचे बंद ठेवणे परवडत नसे. म्हणून गिरण्यांच्या वर्कशॉपमध्ये टर्नर, फिटर, मोल्डर तयार झाले. माझे वडील त्यांच्यापैकीच एक. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची नोकरी कायमची गेली. त्यांनी एक जुना लेथ घेतला आणि मोटारींची कामे धरली.

त्यांचा पहिला धडा असा: झिजलेला भाग मोजून तसाच बनवला, तर नवा भागही झिजलेलाच निघतो. म्हणून शाफ्ट जिथे बुशात फिरत नाही, तिथले माप घ्यायचे. दुसरा धडा आट्यांचा. इंग्रजी गाड्यांचे व्हिटवर्थ आटे ५५ अंशांचे, अमेरिकन ६० अंशांचे. चुकीचा नट दोन फेरे बसतो, पुढे जोर लावला की आटे जातात. ओतीव लोखंड थंड होताना सुमारे १ टक्का आकसते, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करायचा. भूमितीच्या तासाला शिकलेले कोन मला असे रोज भेटत राहिले.

आमचे रोजचे गिऱ्हाईक म्हणजे पद्मिनी टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली. दुसरीकडे, २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते, त्यामुळे हौशी मालक येतात. तरुण मुले थ्री-डी स्कॅनर आणतात. स्कॅनर झीजही हुबेहूब टिपतो. मूळ माप किती असावे, हे माणसालाच ठरवावे लागते.

ते ठरवणारी माणसे आता थकली आहेत आणि त्यांची मापे कुठल्याही पुस्तकात नाहीत. म्हणून मित्रहो, एक विनंती. आपल्यापैकी अनेकांचे वडील, काका गिरणीत होते. घरच्या माळ्यावर त्यांचा मायक्रोमीटर, आट्यांचा गेज किंवा मापांची वही असेल, तर भंगारात देऊ नका. वही असेल तर मला दाखवा; मी ती उतरवून घेईन आणि परत करीन.