मागच्या चाकाचा सांधा

अमेरिकेच्या बाजारात आज दोन ते तीन हजार डॉलरला जी फुल सस्पेन्शन ट्रेल सायकल मिळते, तिला मध्यम किमतीची म्हणतात. पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉक, चढ पायांनी चढायचा आणि उतारही त्याच सायकलवरून उतरायचा, असा तिचा बेत. ती घेण्याजोगी आहे का, हे ठरवताना चर्चा बहुतेक वेळा सुट्या भागांच्या यादीवर अडते. गिअर कोणत्या श्रेणीचे, ब्रेक कोणत्या कंपनीचे, वजन किती किलो. डोंगरी सायकलीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. या सायकलीची खरी किंमत मागचं चाक फ्रेमला कुठे आणि कसं जोडलंय, यात आहे. तो जोड नीट साधायला पंचवीस-तीस वर्षं लागली, आणि तो सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला आणखी दहा-पंधरा. बाकीचे भाग बदलता येतात, जोड बदलता येत नाही.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत झाली. 1930-40 च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या जुन्या सायकली तिथल्या तरुणांनी डोंगरावर नेल्या आणि ऑक्टोबर 1976 मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या पाइन माउंटनवर उताराची शर्यत सुरू केली. दोन मैलांच्या वाटेवर सुमारे 1300 फूट उतार. पेडल उलटं फिरवून लावायच्या ब्रेकमुळे मागच्या हबमधलं ग्रीस अक्षरशः जळून जायचं, आणि शर्यतीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या वाटेला रिपॅक हे नाव पडलं. जो ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेमवर सायकली विकायला काढल्या, त्यांची किंमत साधारण 1300 डॉलर होती. मग 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टम्पजम्पर 750 डॉलरला आणली आणि डोंगरी सायकल दुकानात पोचली. तिला 15 गिअर होते, शॉक एकही नव्हता. दगडाचा धक्का टायर, गुडघे आणि कोपर सोसायचे.

पुढच्या चाकाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. पुढचं चाक नुसतं फिरतं, त्याला कुणी ओढत नाही. मोटरसायकलचं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात (फोर्कमध्ये) असतं तेच तत्त्व लहान करून वापरायचं होतं. रॉकशॉक्स कंपनीने 1989 च्या सुमारास ते केलं, आणि 1990 मध्ये कोलोरॅडोतल्या डुरँगोला झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डने तसाच चिमटा लावलेल्या सायकलवर उताराची शर्यत जिंकली. त्यानंतर पुढचा शॉक हवा की नको, हा वाद फार टिकला नाही.

मागे मात्र चेन आहे, आणि सगळी अडचण तिथेच आहे. पेडल दाबलं की चेनचा वरचा पदर ताणला जातो आणि मागच्या चाकाला पुढे ओढतो. चाक सांध्यावर वरखाली हलणारं असेल, तर हीच ओढ सांध्याच्या जागेप्रमाणे शॉकला दाबते किंवा उचलते. शिवाय माणूस दोन्ही पायांनी सारखा जोर लावत नाही. त्याचं वजन प्रत्येक फेऱ्यात डोलतं. परिणाम असा, की चढावर सायकल प्रत्येक पेडलला खाली बसते आणि पायांतली ताकद शॉकमध्ये मुरते. 1990 च्या दशकातल्या पुष्कळ महागड्या सायकली याच ठिकाणी फसल्या. ट्रेक कंपनीची इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची कार्बन सायकल तेव्हा दिसायला सर्वांत पुढची होती. तिच्यात पेडलचा आस मागच्या हलत्या भागावरच बसवलेला होता, म्हणजे चेनची लांबी बदलत नाही आणि ओढीचा प्रश्नच मिटतो. हिशेब कागदावर बरोबर होता. पण उतारावर माणूस सीटवरून उठून पेडलवर उभा राहतो, तेव्हा त्याचं सगळं वजन त्या हलत्या भागावर जातं आणि मागचा शॉक जवळजवळ गोठतो. शॉकची गरज सर्वांत जास्त असते, नेमका तेव्हाच तो काम करायचा थांबायचा. त्या सायकलींवर त्या काळातले उत्तम गिअर आणि उत्तम चाकं होती, तरी हा दोष त्यांनी झाकला गेला नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

उत्तर शोधणाऱ्यांत ऑस्ट्रियात जन्मलेला, मोटरसायकलींच्या जगातून आलेला हॉर्स्ट लाइटनर महत्त्वाचा. त्याने चेनच्या समांतर जाणाऱ्या खालच्या दांडीवर, मागच्या आसाच्या जरा पुढे आणि खाली, एक जादा सांधा ठेवला. एवढ्याशा बदलाने चाक एकाच सांध्याभोवती साध्या वर्तुळात फिरायचं थांबलं; चार दांड्यांची जुळणी त्याची वाट ठरवू लागली, आणि चेनची ओढ व ब्रेकचा परिणाम दोन्ही आटोक्यात आणता आले. त्याचं पेटंट स्पेशलाइज्डने 1998 मध्ये विकत घेतलं. यानंतर अमेरिकेत ही रचना वापरायची तर परवाना काढा, नाहीतर दुसरी वाट शोधा, अशी स्थिती झाली. म्हणूनच 2000 नंतरच्या दशकात इतक्या वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या. रचनाकार डेव्ह वीगलने दोन छोट्या दुव्यांची स्वतःची रचना केली, सांता क्रूझ कंपनीने दोन दुवे उलट दिशांनी फिरणारी रचना वापरली, तैवानच्या जायंटने मॅस्ट्रो नावाची रचना आणली. काहींनी शॉकमध्येच अशी झडप घातली, की पेडलच्या हळू डोलण्याला तो दाद देत नाही आणि दगडाच्या झटक्याला लगेच मोकळा होतो. 2013 च्या सुमारास लाइटनरच्या पेटंटची मुदत संपली. ट्रान्झिशनसारख्या कंपन्यांनी दोन-तीन वर्षांतच आपल्या सायकली त्या रचनेवर आणल्या.

पेटंट हा अडथळा होता, असं सरसकट म्हणणं लाइटनरवर अन्याय करणारं ठरेल. पेटंटची खात्री नसती, तर एवढ्या बारीक कामावर कुणी वर्षं घालवली नसती. पण स्वस्ताई शोधामुळे आली नाही. शोध सर्वांचा झाल्यावर आली. तिचा दुसरा आधार तैवान. जायंट आणि मेरिडा या दोन्ही कंपन्या 1972 च्या. आधी त्या अमेरिकन नावांसाठी सायकली बनवून देत; 2001 मध्ये मेरिडाने खुद्द स्पेशलाइज्डचा मोठा हिस्सा विकत घेतला. अॅल्युमिनियमचे नळ द्रवाच्या दाबाने आकारात फुलवणं, सांध्याच्या बेअरिंगच्या जागा अचूक कोरणं, हे कौशल्य तिथल्या कारखान्यांत साठत गेलं. 1981 चे 750 डॉलर आजच्या हिशेबाने 2500 डॉलरहून थोडे जास्त होतात. म्हणजे तेव्हा ज्या पैशात शॉक नसलेली सायकल यायची, त्याच पैशात आज पुढे-मागे 130-140 मिलिमीटर चाल असलेली, म्हणजे चाक तेवढं वरखाली हलू शकणारी, सायकल येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की याच पैशात मागे शॉक नसलेली, पण वरच्या श्रेणीच्या भागांची हलकी सायकल मिळते. नवख्याने तीच घ्यावी. गुळगुळीत वाटांवर आणि देखभालीचा कंटाळा असणाऱ्याला हे अगदी खरं आहे, कारण मागचे सांधे म्हणजे दर एक-दोन वर्षांनी बदलायची बेअरिंगं. पण खडकाळ उतारावर मागचं चाक जमिनीला धरून राहणं ही सुरक्षेची बाब आहे, आणि हलके गिअर ती देऊ शकत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पेटंट संपलं, सर्वांच्या फ्रेम चांगल्या झाल्या, मग फरक सुट्या भागांतच उरला ना? तसं झालेलं नाही. स्वस्त मॉडेलमध्ये अजून साधा एकसांधी मागचा भाग असतो. तो मुळात वाईट नाही, सांध्याची जागा आणि शॉकची झडप त्याला जुळवलेली असेल तर उत्तम चालतो. नसेल तर नव्वदच्या दशकातलं डोलणं परत येतं. उलट सुटे भाग मात्र झपाट्याने एका पातळीवर आले आहेत. 2012 मध्ये पुढे दात्यांचं एकच चक्र असलेली रचना अतिमहाग होती. 2020 मध्ये गिअर बनवणाऱ्या शिमानोने डिओरसारख्या साध्या श्रेणीत 12 गिअर दिले. ब्रेकबाबत मी हट्ट धरणार नाही. चांगले हायड्रॉलिक ब्रेक हवेतच, पण ते नंतरही बसवता येतात.

फ्रेमबरोबर तिचे कोनही येतात, आणि तेही बदलत नाहीत. नव्वदच्या दशकात हँडलखालचा नळ 71 अंशांच्या आसपास उभा असे. आज ट्रेल सायकलचा तो 65-66 अंशांवर कललेला असतो, त्यामुळे पुढचं चाक लांब राहतं आणि तीव्र उतारावर माणूस हँडलवरून सहजासहजी उलटत नाही. आपल्याकडे गावोगाव दिसणाऱ्या, मधोमध स्प्रिंग बसवलेल्या शॉकअपवाल्या सायकली याच सगळ्याचं बाह्य रूप तेवढं उचलतात. त्यांत स्प्रिंग आहे, पण धक्का शोषून झाल्यावर तिला आवरणारं काही नाही, आणि सांध्याची जागा कुणी मोजलेली नाही. अशी सायकल घेण्यापेक्षा साधी सायकल शंभर पटींनी बरी.

तेव्हा मध्यम किमतीची सायकल बघायला गेलात, तर गिअरवरची नावं वाचण्याआधी तिच्या मागे वाकून बसा. मागचा सांधा दांडीवर कुठे आहे ते पाहा, चाक हातांनी आडवं हलवून सांधे कडकड करतात का ते तपासा. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग शॉकच्या नळीला टेकवून सायकलवर अलगद बसा, आणि शॉक त्याच्या चालीच्या पंचवीस ते तीस टक्के बसेल इतकी हवा दुकानदाराकडून भरून घ्या. मग सीटवर बसून चढावर आणि पेडलवर उभं राहून उतारावर, दोन्हीकडे ती चालवून पाहा. जी सायकल दोन्हीकडे शांत राहते, ती घ्या, तिचे गिअर एका श्रेणीने खालचे असले तरी.