पेडल की रॅक: तुलना नक्की कशाची?

'अमुक विरुद्ध तमुक' असं शीर्षक संशोधनाचा विषय शोधताना फार मोहात पाडतं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा असाच एक जुना वाद आहे: आवाज बदलणारं यंत्र पायाखालचं पेडल असावं, की रॅकमध्ये स्क्रूने बसवलेलं?

नेहमीचा इतिहास असा: साठ-सत्तरच्या दशकात पेडल, ऐंशीच्या दशकात महागडे रॅक, नव्वदीत निर्वाणाच्या लाटेबरोबर परत पेडल. म्हणजे काय, तर फॅशन! मला हे उत्तर अपुरं वाटतं.

पेडलचा उगमच बघा. 1961 च्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या कन्सोलचा एक चॅनेल बिघडला आणि बेस गिटारचा आवाज फाटला. साउंड इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तो फाटका आवाज देणारं सर्किट मुद्दाम बनवलं. गिब्सनने तेच 1962 मध्ये मेस्ट्रो फझ-टोन या नावाने विकलं. थोडक्यात, स्टुडिओतला आवाज जमिनीवर आला.

रॅकचंही तेच. 1975 चा इव्हेंटाइड एच910 हार्मोनायझर स्टुडिओसाठीच होता. तेव्हाच्या डिजिटल सर्किटला जागा आणि वीज इतकी लागायची, की 9 व्होल्टच्या बॅटरीवर भागणं शक्य नव्हतं. 1983 मध्ये मिडी आल्यावर एका बटणावर सगळी सेटिंग्ज बदलता येऊ लागली, आणि मंचावरच्या वादकालाही रॅक हवासा झाला.

आता खरी गोम. 'रॅकमध्ये गिटारचा जीव जातो' ही तक्रार कुठून आली असेल? त्यातला एक भाग साध्या भौतिकशास्त्राचा आहे. गिटारच्या पिकअपला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स साधारण 1 मेगाओहम लागतो. स्टुडिओच्या लाइन इनपुटचा अनेकदा 10 ते 20 किलोओहमच असतो. गिटार थेट तिथे जोडली की वरच्या कंप्रता दबतात आणि आवाज मंद होतो. दोष जोडणीचा, बोल मात्र रॅकला! मध्ये बफर घातला, किंवा रॅक अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये लावला, की ही अडचण बरीचशी सुटते. म्हणून कुणी 'ऐकून तुलना केली' म्हटलं, की मी आधी जोडणीचा आराखडा मागते.

पुढे चिप लहान झाल्या. 2007 मध्ये इव्हेंटाइडनेच टाइमफॅक्टर हे डिलेचं पेडल काढलं, आणि त्यात त्यांच्या जुन्या रॅकमधले डिलेही होते.