जुन्या व्हिडिओ गेमचं संगीत रॅपमध्ये कसं पोचलं, आणि त्याचे पैसे कुणाला मिळतात?

2010 साली विझ खलिफा या अमेरिकन रॅपरची 'कुश अँड ऑरेंज ज्यूस' ही मिक्सटेप इंटरनेटवर फुकट आली. त्यातल्या 'नेव्हर बीन' या गाण्यात मागे एक संथ, जरा उदास धून फिरत राहते. लहानपणी सुपर निन्टेन्डोवर 'क्रोनो ट्रिगर' खेळलेल्यांनी ती लगेच ओळखली. 1995 च्या त्या गेममधल्या शाला या राजकन्येची ती धून, संगीतकार यासुनोरी मित्सुदा. पुढे 2014 मध्ये ड्रेकचं '6 गॉड' आलं. त्याच्या बीटमध्ये 'डाँकी काँग कंट्री 2' या गेममधली डेव्हिड वाइज यांची 'हाँटेड चेस' ही धून आहे.

आधीच्या रेकॉर्डिंगचा एखादा तुकडा उचलून तो नव्या गाण्यात वापरणं म्हणजे सॅम्पलिंग. हिप-हॉप त्यावरच उभं राहिलं. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात डीजे कूल हर्क एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावायचा आणि त्यातला फक्त ड्रमचा भाग पुन्हा पुन्हा वाजवून लोकांना नाचवायचा. 1988 मध्ये अकाई कंपनीचं एमपीसी 60 हे यंत्र आलं आणि हेच काम बोटांनी पॅड दाबून होऊ लागलं. सुरुवातीला प्रोड्यूसर लोक जुन्या फंक आणि जॅझच्या तबकड्या शोधत फिरायचे. मग एक पिढी अशी आली, जिच्या लहानपणीचा आवाज तबकडीचा नव्हता, टीव्हीला जोडलेल्या गेमचा होता.

पण नुसत्या आठवणींवर बीट बनत नाही. गेमचं संगीत रॅपला चपखल बसतं, त्याला कारणं आहेत. पहिलं म्हणजे ते मुळातच लूप असतं. खेळणारा एकाच लेव्हलवर दोन मिनिटं अडकेल की दोन तास, हे संगीतकाराला माहीत नसतं. त्यामुळे धून अशी बांधावी लागते की तिचा शेवट बेमालूम पुन्हा सुरुवातीला जोडला जाईल, आणि शंभर वेळा ऐकूनही डोकं उठणार नाही. दुसरं म्हणजे त्यात गायकाचा आवाज नसतो, त्यामुळे रॅपरला हवी ती जागा मोकळीच मिळते.

तिसरं कारण यंत्राचं आहे. निन्टेन्डोच्या 8-बिट गेममध्ये आवाजाचे फक्त पाच मार्ग होते, त्यातला एक नुसत्या खरखरीचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचे, त्यातले बरेच याच यंत्राची नक्कल होते. म्हणून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा'चं संगीत महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आजही तोंडपाठ आहे. इतक्या कमी सुरांत काम भागवायचं तर चाल पक्की लागते, भपका चालत नाही.

सुपर निन्टेन्डोची गंमत आणखी वेगळी. त्याची चिप खऱ्या वाद्यांच्या आवाजाचे छोटे तुकडे साठवून वाजवायची, म्हणजे ती स्वतःच एक सॅम्पलर होती. सगळ्या आवाजांसाठी मिळून मेमरी होती 64 केबी. व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुतेकदा याहून मोठा असतो. आवाज त्यात कोंबताना थोडा मळायचा, आणि प्रोड्यूसरना नेमका तोच मळलेला आवाज हवा असतो.

आता पैशाचा मुद्दा. कायद्यानं सॅम्पल वापरायला दोन परवानग्या लागतात, एक मूळ रेकॉर्डिंगची आणि दुसरी चालीची. गेमच्या बाबतीत हे दोन्ही हक्क बहुतेकदा कंपनीकडेच असतात, कारण संगीतकार तिथे पगारी नोकर असायचा. त्यावर कडी म्हणजे काही जपानी कंपन्या संगीतकारांची खरी नावंही छापत नसत. 1987 च्या 'मेगा मॅन'चं संगीत केलं मानामी मात्सुमाए यांनी. कॅपकॉम कंपनीच्या त्या गेमच्या शेवटी मात्र 'चांचाकोरिन मानामी' असं टोपणनाव झळकतं.

कंपन्या हक्काच्या बाबतीत झोपलेल्या नसतात, हे लिल फ्लिप या रॅपरच्या 2004 च्या 'गेम ओव्हर' गाण्यानं दाखवून दिलं. त्यात 'पॅक-मॅन'चे आवाज होते. नामको कंपनीनं खटला भरला आणि प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

पाठीशी मोठी कंपनी नसलेल्या माणसाचं काय होतं, ते टिंबालँडच्या प्रकरणात दिसतं. फिनलंडच्या यान्ने सुनी यानं 2000 साली 'अ‍ॅसिडजॅझ्ड इव्हनिंग' ही धून केली. ती गेमची नव्हती, पण त्याच घराण्यातली होती. जुन्या होम कॉम्प्युटरवर हौसेनं संगीत आणि ग्राफिक्स करणाऱ्यांचं 'डेमोसीन' नावाचं एक जग आहे, तिथली ती. नॉर्वेच्या ग्लेन रुने गालेफॉसनं तिची कमोडोर 64 साठी आवृत्ती केली. 2006 मध्ये नेली फुर्टाडोच्या 'लूज' अल्बमवर टिंबालँडनं केलेलं 'डू इट' आलं आणि डेमोसीनवाल्यांनी ती धून ओळखली. वाद अमेरिकेच्या कोर्टात गेला. 2011 मध्ये दावा फेटाळला गेला आणि 2012 मध्ये वरच्या कोर्टानंही तो निकाल कायम ठेवला. सॅम्पल योग्य होतं असं कोर्टानं म्हटलं नाही. त्या धूनची अमेरिकेत कॉपीराइट नोंदणी नव्हती, एवढ्यावरच सगळं अडलं. धून ऑनलाइन प्रसिद्ध झाली तर ती अमेरिकेतही प्रसिद्ध झाली असं धरायचं का, यावर वकिलांनी बराच कीस पाडला. अंगणात बसून गाणं करणाऱ्याला दुसऱ्या देशात जाऊन नोंदणी करायचं सुचणार तरी कसं?

याच्या अगदी उलट गोष्ट मेगा रॅनची. फिलाडेल्फियाचा हा रॅपर पेशानं शाळामास्तर. 2007 मध्ये त्यानं 'मेगा मॅन'च्या ट्यून्सवर आख्खा अल्बम काढला, परवानगी न घेता. काही दिवसांनी थेट कॅपकॉमकडून संपर्क झाला. आता खटला, असंच त्याला वाटलं. पण कंपनीला काम आवडलं होतं आणि त्याला अधिकृत परवाना मिळाला. पुढे नोकरी सोडून तो पूर्णवेळ संगीताकडे वळला. 2011 मध्ये त्यानं 'फायनल फँटसी 7' वर बेतलेला 'ब्लॅक मटेरिया' हा अल्बम केला.

अर्थात इथेही परवाना दिला तो कंपनीनंच. मात्सुमाए यांनी कॅपकॉम कधीच सोडलं होतं. 2014 च्या 'शव्हेल नाइट' या जुन्या धाटणीच्या नव्या गेमसाठी त्यांनी दोन धून केल्या. तिथे त्यांचं नाव छापलं गेलं, पूर्ण आणि खरं.